विमान वीस वर्षांचे, पैसा एका वर्षाचा

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत आमच्या परिचयाचे एक गृहस्थ छोटासा कारखाना चालवितात. तीन लेथ, दोन मिलिंग यंत्रे आणि नऊ कामगार. आजोबा कलाभवनात शिकलेले, त्यामुळे घरात तीन पिढ्या लोखंडाचीच भाषा. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या शहरात सी-२९५ विमानांच्या टाटांच्या कारखान्याचे उद्घाटन भारताच्या व स्पेनच्या पंतप्रधानांच्या हस्ते झाले, तेव्हा या गृहस्थांनी आम्हांला आवर्जून पेढे आणून दिले होते. परवा पुन्हा भेटले ते चिंतेतच. विमानाच्या भागांचे काम घ्यावयाचे तर अधिक बारकाईचे, महागडे यंत्र हवे. बँक म्हणते, आधी कामाची ऑर्डर दाखवा. काम देणारे म्हणतात, आधी यंत्र आणि गुणवत्तेचे प्रमाणपत्र दाखवा. "विमान उडेल हो," ते म्हणाले, "पण चाळीस विमाने झाल्यावर माझ्या यंत्राचा हप्ता कोण भरणार?"

हा प्रश्न आम्हांला वाटला त्याहून मोठा निघाला. सप्टेंबर २०२१ मध्ये झालेल्या करारानुसार हवाई दलाच्या जुन्या ॲव्हरो विमानांच्या जागी ५६ सी-२९५ विमाने घ्यावयाची. किंमत सुमारे २१,९३५ कोटी रुपये. पैकी १६ स्पेनमधून तयार होऊन आली, उरलेली ४० बडोद्यात बांधावयाची. खाजगी कारखान्यात संपूर्ण लष्करी विमान तयार करण्याचा आपल्या देशातला हा पहिलाच प्रसंग. परंतु विमानाच्या धंद्यात गिऱ्हाईक मुख्यतः एकच, ते म्हणजे सरकार. आणि सरकारचा पैसा संसदेच्या मंजुरीने एकेका वर्षापुरता येतो. म्हणूनच दरवर्षी अर्थसंकल्पापूर्वी उद्योगसंघटना दिल्लीत निवेदने घेऊन जातात. त्यांत सवलतींची यादी असते हे खरे, आणि ती यादी कधीच लहान होत नाही हेही खरे. तथापि निवेदने नीट वाचली म्हणजे दिसते की, त्यांची खरी तक्रार पैसा थोडा मिळतो ही नसून पुढे मिळेल की नाही हे कळत नाही, ही आहे.

या तक्रारीला इतिहास आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर दरबाराच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. महायुद्धाचे दिवस होते. १९४२ मध्ये सरकारने ती आपल्या ताब्यात घेतली. पुढे १९५६ च्या औद्योगिक धोरणाच्या ठरावाने विमाननिर्मिती सरकारी क्षेत्रासाठी राखून ठेवली. हे दार खाजगी उद्योगाला पुन्हा उघडले ते मे २००१ मध्ये. मधल्या काळात बंगळूरच्या कारखान्याने मोठे काम केले नाही असे कोण म्हणेल? १७ जून १९६१ रोजी तेथे 'मरुत' हे लढाऊ विमान उडाले. जर्मन अभियंता कुर्ट टांक यांच्या हाताखाली आपल्या माणसांनी ते घडविले होते, आणि ध्वनीच्या दुप्पट वेगाचे उद्दिष्ट समोर ठेवले होते. त्यासाठी जे अधिक शक्तीचे इंजिन हवे होते, त्याच्या विकासाचा खर्च करण्यास सरकार राजी झाले नाही. विमान उत्तम आणि इंजिन अशक्त, अशा स्थितीत ते सुमारे दीड दशकाहून अधिक काळ हवाई दलात राबले. १९७१ च्या युद्धातही राबले. पण त्याची पुढची आवृत्ती निघाली नाही. जमलेले कारागीर पांगले. आमच्या मते त्या उद्योगाचे सर्वांत मोठे नुकसान हेच. यंत्रे विकत मिळतात, हात मिळत नाहीत.

यावरचा उपाय म्हणून ३१ मार्चला परत न जाणारा निधी असावा ही मागणी जुनी आहे. २००४ च्या हंगामी अर्थसंकल्पात जसवंतसिंगांनी संरक्षणाच्या आधुनिकीकरणासाठी अशा २५,००० कोटींच्या निधीची घोषणा केली. त्याच वर्षी सरकार बदलले आणि निधी कागदावरच राहिला. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी सुमारे २ लाख ३८ हजार कोटींच्या निधीची शिफारस केली व सरकारने ती 'तत्त्वतः' स्वीकारली. 'तत्त्वतः' हा सरकारी भाषेतला मोठा लवचीक शब्द आहे. मात्र उद्योगाची ही मागणी आम्ही डोळे मिटून उचलून धरणार नाही. दरवर्षी पैसा मंजूर करण्याच्या निमित्तानेच संसद जाब विचारते. निधी कायमचा आणि जाब मात्र नाही, असे झाले तर रखडलेल्या कामांना आणखी रखडण्याची मुभाच मिळेल. मुदत मोठी असावी, पण हिशेब वार्षिकच असावा.

करांच्या बाबतीत मात्र उद्योगाचे म्हणणे निर्विवाद होते. विमानाच्या निरनिराळ्या भागांच्या आयातीवर ५, १२, १८ आणि २८ टक्के असे वेगवेगळे दर लागत. भाग कोणत्या वर्गात बसतो यावर सुटे भाग गोदीत अडत आणि विमान जमिनीवर. जुलै २०२४ पासून सर्वांवर सरसकट ५ टक्के कर झाला. एवढ्या साध्या गोष्टीला इतकी वर्षे लागावीत!

कायद्याची गोष्ट अधिक गहन आहे. २०२० मध्ये अंतराळक्षेत्र खाजगी कंपन्यांना खुले झाले. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी हैदराबादच्या स्कायरूट कंपनीचे 'विक्रम-एस' हे रॉकेट श्रीहरिकोट्याहून उडाले. त्यानंतर २०२३ चे अंतराळ धोरण आले, ऑक्टोबर २०२४ मध्ये नवोदित कंपन्यांसाठी १,००० कोटींचा भांडवल निधीही मंजूर झाला. परंतु धोरण म्हणजे कायदा नव्हे. अंतराळ व्यवहारांच्या विधेयकाचा मसुदा २०१७ मध्ये लोकांपुढे ठेवला गेला, आणि २०२४ संपले तरी तो कायदा झाला नव्हता.

वाचकांना वाटेल, कायदा नसला तर काय बिघडते? जानेवारी १९७८ मध्ये सोव्हिएत रशियाचा 'कॉसमॉस ९५४' हा उपग्रह, त्यातील अणुइंधनासह, कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशा नुकसानीची जबाबदारी प्रक्षेपण करणाऱ्या देशावर येते. कॅनडाने दावा लावला आणि १९८१ मध्ये रशियाने ३० लाख कॅनेडियन डॉलर मान्य केले. उद्या आपल्या एखाद्या खाजगी रॉकेटाचा तुकडा परक्या गावावर पडला तर दावा भारत सरकारवर येईल. मग सरकार त्या कंपनीकडून किती वसूल करणार? याला मर्यादा नसेल तर विमा कोण उतरवील आणि भांडवल कोण घालील? अमेरिकेने १९८८ मध्येच कायदा करून ठरविले की, अमुक रकमेपर्यंत कंपनीचा विमा आणि त्यापुढील भार एका मर्यादेपर्यंत सरकारने पेलावा. भारतातील कंपन्या मागतात ते हेच. आम्हांला यात गैर दिसत नाही, फक्त सरकारच्या वाट्याचा भार म्हणजे तुमच्याआमच्या करांचा पैसा, हे विधेयकावरील चर्चेत कोणीतरी उच्चारावे.

संसदेने मनावर घेतले तर काम होत नाही असे नाही. १९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम अमलात आला. मे २०२३ मध्ये 'गो फर्स्ट' ही विमानकंपनी दिवाळ्यात निघाली, तेव्हा भाड्याने दिलेली विमाने मूळ मालकांना महिनोन्‌महिने परत मिळेनात. त्यानंतर २०२५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाच झाला.

मकरपुऱ्याकडे परत येऊ. बेळगावजवळ हत्तरगीला विमानांच्या सुट्या भागांची वसाहत उभी आहे, हैदराबादेजवळ आदिबटला येथे मोठाल्या विमानांचे सांगाडे जुळविले जातात. या सर्व ठिकाणी मोठ्या नावांच्या मागे असे लहान कारखाने असतात, आणि दिल्लीच्या निवेदनांत त्यांचा परिच्छेद बहुधा शेवटच्या पानावर असतो. २००६ च्या कायद्याने लहान उद्योजकाचे बिल ४५ दिवसांत चुकते करणे बंधनकारक आहे, उशीर झाल्यास चक्रवाढ व्याजासह. आमच्या या मित्रांचे एका मोठ्या कंपनीकडील बिल सात महिने अडले होते. कायद्याने दाद का मागितली नाही, असे आम्ही विचारले. त्यांनी खतावणी मिटली आणि हसून म्हणाले, "दाद मागितली तर पुढचे काम कोण देईल?"

यंत्राच्या कर्जाचा अर्ज भरून टेबलावर पडलेला आहे. सहीची जागा अजून कोरी आहे.