दोन पेट्या, एक जोडणी
इंटरनेट बंद पडल्यास दोष कसा शोधावा?

शाळा, ग्रामपंचायतीचे कार्यालय आणि सामान्य नागरिकाचे घर या तिन्ही ठिकाणी इंटरनेटची जोडणी आता नित्याची गरज बनली आहे. पंचायतींच्या नियोजनाचे व हिशेबाचे काम २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर चालते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकांचा हक्क ठरला आहे. अशा स्थितीत जोडणी अर्धा दिवस जरी बंद पडली, तरी दाखल्यासाठी रोजगार बुडवून आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परतावे लागते. पुष्कळदा दोष अगदी क्षुल्लक असतो. परंतु तो नेमका कोठे आहे हे न पाहता दिसेल ते बटण दाबले जाते आणि लहानशा दोषाचा मोठा खोळंबा होतो. तो टाळण्यासाठी जोडणीची रचना समजून घेणे आवश्यक आहे.

दोन पेट्यांची दोन कामे

केबलद्वारे येणाऱ्या जोडणीत बहुधा दोन पेट्या असतात. पहिली मोडेम व दुसरी बिनतारी राऊटर. केबलच्या तारेतून येणाऱ्या संकेतांचे संगणकास समजेल अशा स्वरूपात रूपांतर करणे हे मोडेमचे काम होय. आलेली ती एकच जोडणी घरातील किंवा कार्यालयातील अनेक उपकरणांत वाटून देणे हे राऊटरचे काम. केबल मोडेमसाठीचे 'डॉक्सिस' हे मानक आणि बिनतारी जोडणीचे पहिले मानक ही दोन्ही १९९७ साली प्रसिद्ध झाली. पण ती स्वतंत्रपणे तयार झालेली, दोन वेगळ्या कामांसाठीची मानके आहेत.

गावच्या नळयोजनेचे उदाहरण येथे चपखल ठरते. टाकीपर्यंत येणारी मुख्य जलवाहिनी वेगळी आणि टाकीपासून घरोघर जाणाऱ्या वाहिन्या वेगळ्या. नळाला पाणी आले नाही तर जाणता माणूस प्रथम टाकीत पाणी आहे काय ते पाहतो, नळ खोलत बसत नाही. इंटरनेटचा दोष शोधतानाही हाच क्रम उपयोगी पडतो.

पहिली पाहणी : दोष एकाचा की सर्वांचा?

जोडणी एकाच संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर बंद असेल आणि इतरांवर चालू असेल, तर दोष त्या उपकरणात आहे. पेट्यांना हात लावण्याचे कारण नाही. सर्वच उपकरणांवर बंद असेल तर मोडेमकडे वळावे.

मोडेमच्या दर्शनी बाजूस लहान दिवे असतात. मोडेम सुरू केल्यावर तो आधी येणारा संकेत शोधतो, मग जाणाऱ्या संकेताचा मार्ग बांधतो आणि शेवटी सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेकडे आपली नोंद करतो. यास काही मिनिटे लागतात. नोंद पूर्ण झाल्यावर 'ऑनलाइन' हा दिवा स्थिर होतो. तो बराच वेळ लुकलुकत राहिला तर संकेत नीट पोहोचत नाही असे समजावे. केबलच्या टोकाचे आटे घट्ट बसले आहेत काय, मध्ये तार विभागणारा जोड आहे काय, पावसाचे पाणी जोडात शिरले आहे काय, हे पाहावे. हे सर्व ठीक असूनही दिवा स्थिर होत नसेल तर दोष बहुधा बाहेरच्या वाहिनीत किंवा खुद्द मोडेममध्ये असतो. तेथे कंपनीस कळविणे हाच मार्ग. राऊटरची उलथापालथ निरर्थक ठरते.

दुसरी पाहणी : दोन पेट्यांमधील दुवा

मोडेमचा दिवा स्थिर असूनही इंटरनेट चालत नसेल तर राऊटर थोडा वेळ बाजूस ठेवून एक संगणक तारेने थेट मोडेमला जोडावा. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. पुष्कळ मोडेम सुरू होताना प्रथम जोडलेल्या उपकरणाचीच ओळख धरून ठेवतात आणि दुसऱ्यास दाद देत नाहीत. नवा राऊटर आणल्यावर जोडणी चालत नाही, याचे हे एक नेहमीचे कारण होय. म्हणून उपकरण बदलताना मोडेमचा वीजपुरवठा मिनिटभर बंद ठेवून पुन्हा सुरू करावा.

संगणकावर इंटरनेट आले तर बाहेरची वाहिनी व मोडेम दोन्ही निर्दोष ठरतात. मग राऊटर पुन्हा जोडताना मोडेमकडून येणारी तार 'वॅन' किंवा 'इंटरनेट' असे लिहिलेल्या स्वतंत्र खाचेतच बसवावी. ती शेजारच्या 'लॅन' खाचेत बसविल्याने होणारी चूक वारंवार आढळते. आधी मोडेम सुरू करावा, त्याचे दिवे स्थिर होऊ द्यावेत आणि नंतरच राऊटर सुरू करावा. तरीही यश न आल्यास दोहोंमधील तार बदलून पाहावी. संगणकास १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळालेला दिसला तर त्यास राऊटरकडून पत्ता मिळालेला नाही, असा त्याचा अर्थ होतो.

तिसरी पाहणी : बिनतारी भाग

राऊटरला तारेने जोडलेला संगणक चालतो, पण बिनतारी उपकरणे चालत नाहीत, अशी स्थिती असल्यास दोष केवळ शेवटच्या भागात उरतो. दप्तराच्या लोखंडी कपाटामागे किंवा जाड भिंतीआड ठेवलेल्या राऊटरचा संकेत क्षीण होतो. तो खोलीच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा दूरवर पोहोचतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असला तरी भिंतींपुढे लवकर दुबळा होतो.

काही दक्षता

राऊटरवरील सुईने दाबण्याचे 'रिसेट' बटण हा अखेरचा उपाय समजावा. ते काही सेकंद दाबून धरल्यास परवलीच्या शब्दासह सर्व नोंदी पुसल्या जातात. त्या नोंदी आधीच एका वहीत लिहून ठेवाव्यात आणि ती वही जबाबदार व्यक्तीकडे असावी. विजा चमकत असताना वीजपुरवठ्याची पिन व केबलची तांब्याची तार, दोन्ही काढून ठेवावीत. मात्र गडगडाट सुरू होण्यापूर्वीच.

ज्या ग्रामपंचायतींत भारतनेट योजनेद्वारे काचतंतूची जोडणी आली आहे, तेथे केबल मोडेमऐवजी प्रकाशसंकेत घेणारी पेटी असते. पाहणीचा क्रम तोच राहतो. त्या पेटीवर सामान्यतः लागणारा लाल दिवा प्रकाश पोहोचत नसल्याचे सांगतो. काचतंतू वाकवू नये व त्याच्या टोकात डोकावू नये.

कंपनीकडे तक्रार नोंदविताना 'इंटरनेट बंद आहे' एवढेच न सांगता कोणता दिवा कसा आहे आणि थेट मोडेमला जोडल्यावर काय आढळले, हे सांगितल्यास दुरुस्तीचा एक हेलपाटा वाचतो. शाळेतील एका शिक्षकाने व पंचायतीतील एका कर्मचाऱ्याने ही तीन टप्प्यांची पाहणी आत्मसात केली, तर घरातला दोष तेथल्या तेथे दूर होईल, बाहेरचा दोष योग्य ठिकाणी कळेल आणि दाखल्यासाठी आलेल्या नागरिकाचा दिवस वाया जाणार नाही.