मस्टरवर नाव कुणाचं? वाळूज, युनियन आणि मोजणीत न येणारा कामगार

मागच्या काही भागांत आपण पगार, पीएफ, नोटीस पिरियड वगैरे बोललो. आज युनियन.

युनियन म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? गेटसमोर घोषणा, झेंडा, आणि "यांच्यामुळेच कंपन्या बंद पडल्या" म्हणणारे एक काका. ते सगळं जरा बाजूला ठेवू. कायद्याच्या नजरेने युनियनचा प्रश्न आधी मोजणीचा असतो. कामगार किती, त्यातले सभासद किती, आणि मोजताना कुणाला धरलं, कुणाला सोडलं.

वाळूजचं उदाहरण घेऊ, कारण आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या घरातलं कुणीतरी तिथे कामाला असतंच. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा प्लांट आला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी या भागांत खोल्या करून राहणारी पोरं मराठवाडाभरातून येतात. एकाच लाइनवर दोघं शेजारी उभे असतात. एक परमनंट, दुसरा ठेकेदाराचा. काम तेच. पण युनियनचा करार झाला की पगार एकाचाच वाढतो, फरकही त्यालाच मिळतो.

असं का? तर महाराष्ट्रात यासाठी १९७१ चा एक कायदा आहे. नाव लांबलचक आहे, आपण मान्यतेचा कायदा म्हणू. तो म्हणतो की ५० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी ज्या युनियनकडे सलग सहा महिने किमान ३० टक्के कामगार सभासद आहेत, ती औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता मिळवू शकते. नुसती नोंदणी आणि मान्यता यात जमीन-अस्मानाचा फरक. नोंदणी म्हणजे तुम्ही अस्तित्वात आहात. मान्यता म्हणजे टेबलावरची खुर्ची. करार मान्यताप्राप्त युनियनशी होतो, आणि तो सगळ्यांना लागू होतो. बदल्यात बंधनंही येतात. संपाआधी सभासदांचं मतदान घ्यायचं आणि १४ दिवसांची नोटीस द्यायची.

ही खुर्ची किती महत्त्वाची, हे मुंबईच्या गिरणी संपात दिसलं. जानेवारी १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार गेले. पण गिरण्यांना लागू असलेल्या १९४६ च्या कायद्याप्रमाणे कामगारांच्या वतीने बोलायचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडेच होता. माणसं एकीकडे, खुर्ची दुसरीकडे. संपाचं काय झालं ते तुम्हाला माहितीच आहे.

मालकाचीही बाजू बघू, कारण कंपनी काही हातावर हात ठेवून बसत नाही. तिच्याकडचा सगळ्यात मोठा पत्ता म्हणजे दुसरा प्लांट. जून २०१३ मध्ये बजाजच्या चाकण प्लांटमध्ये विश्व कल्याण कामगार संघटनेने काम बंद केलं. मागण्यांमध्ये एक भन्नाट होती, प्रत्येक कामगाराला एक रुपया दराने ५०० शेअर. काम जवळपास ५० दिवस बंद राहिलं. मधल्या काळात कंपनीने चाकणचं काही उत्पादन आपल्याकडे, म्हणजे औरंगाबादला हलवण्याचा इशारा दिला. शेवटी शेअरची मागणी मान्य न होताच कामगार परतले. जरा विचार करा. चाकणच्या कामगाराला जी धमकी, ती वाळूजच्या कामगाराला जास्तीचं काम. युनियन प्लांटपुरती असते, कंपनी नसते. माझ्या मते आपल्याकडच्या युनियनची ही सगळ्यात मोठी मर्यादा आहे आणि तिच्याबद्दल नेतेमंडळी फार कमी बोलतात.

मग युनियनचा उपयोग काय? २०२० चा उन्हाळा आठवा. जूनच्या शेवटी कंपनीनेच सांगितलं होतं की वाळूजच्या साधारण ८,००० लोकांपैकी १४० जणांना कोरोना झालाय आणि दोघे दगावलेत. जुलैत आकडा वाढला, तेव्हा युनियनने प्लांट काही दिवस बंद ठेवा अशी उघड मागणी केली. कंपनीची भूमिका अशी की विषाणूसोबत जगायला शिकावं लागेल, आणि कामावर न येणाऱ्याला पगार नाही. कोण बरोबर यावर वाद घालता येईल. पण ती मागणी उघडपणे करणारं कुणीतरी होतं. ठेकेदाराच्या पोराने एकट्याने असं म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी त्याचा गेटपास चालला नसता.

आता त्या पोराकडे येऊ. वाळूजमध्ये "ब्रेक दिला" हे शब्द तुम्ही ऐकले असतील. वर्षात २४० दिवस भरले की कामगाराची सेवा सलग धरली जाते आणि त्याला काही हक्क मिळतात. म्हणून सात महिने झाले की ब्रेक, मग पुन्हा नव्याने भरती. गंमत म्हणजे, कामगारांना परमनंटचे फायदे मिळू नयेत म्हणून वर्षानुवर्षं टेम्पररी ठेवणं ही १९७१ च्या त्याच कायद्यात अनुचित प्रथा आहे. कागदावर मस्त. पण ठेकेदाराच्या कामगारासाठी हे दार अर्धं बंद आहे. २००१ मध्ये कल्याणी स्टील्स आणि सिप्लाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आपण कंपनीचे कामगार आहोत हे नातंच वादात असेल, तर या कायद्याखाली थेट तक्रार चालणार नाही. आधी दुसरीकडे ते नातं सिद्ध करून या. त्यात किती वर्षं जातात हे कामगार न्यायालयाची पायरी चढलेल्या कुणालाही विचारा.

आणि आता नियम बदललेत. केंद्राची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. एकापेक्षा जास्त युनियन असतील, तर वाटाघाटीचा हक्क मिळवायला मस्टरवरचे ५१ टक्के कामगार लागतात. कुणाकडेच तेवढे नसतील, तर २० टक्क्यांच्या हिशोबाने प्रतिनिधी घेऊन परिषद बनते. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकदम रजा टाकली, तर तोही संप. कपात किंवा बंदसाठी सरकारी परवानगी आता १०० नाही, ३०० कामगारांपासून पुढे.

माझं लक्ष अडकतं ते "मस्टर" या शब्दावर. ठेकेदाराच्या माणसाचं नाव ठेकेदाराच्या मस्टरवर. तो कंपनीच्या ५१ टक्क्यांत कुठे बसणार? मुदतीच्या करारावरचा कामगार थेट कंपनीचा असतो आणि त्याला आता एका वर्षावर ग्रॅच्युइटीही आहे, हे चांगलंच. पण मुदत संपली की नाव उतरतं, आणि त्याला कायदा कपात म्हणत नाही.

यावर उपाय नाहीच असं मात्र नाही. तो आपल्याच राज्यात सापडला होता. हमालाला एक मालक नसतो, आज या दुकानात, उद्या त्या गोदामात. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला. व्यापारी मजुरी आणि वर लेव्ही मंडळाकडे भरतो, आणि मंडळ हमालाला पगार, पीएफ, बोनस देतं. मालक कोण, हा वादच बाजूला पडतो, कारण नाव मंडळाच्या रजिस्टरवर असतं. या मंडळांमध्ये बोगस नोंदी आणि खंडणीच्या तक्रारीही झाल्यात, हेही खरं. पण रचना म्हणून बघितलं तर एमआयडीसीतल्या ठेका कामगारांसाठी असं मंडळ का नको, हा प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

जाता जाता एक काम. तुमच्या किंवा भावाच्या मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडा. नोकरी देणारी आस्थापना म्हणून तिथे कुणाचं नाव आहे ते बघा, शर्टवर ज्या कंपनीचा लोगो आहे तिचं की एखाद्या एंटरप्रायजेसचं? आणि गेल्या तीन वर्षांत ते नाव किती वेळा बदललं? कमेंटमध्ये कंपनीचं नाव न लिहिता फक्त आकडा टाका.