शेतीची रजा व शाळेची हजेरी

दिवाळीच्या सुमारास तिवसा तालुक्यांत पऱ्हाटीवर बोंडें फुटूं लागतात आणि वर्गांतील बांकें रिकामीं दिसूं लागतात. "शेताचें काम आहे, सबब रजा मिळावी," अशा चिठ्ठ्या येतात. ही रजा माफ करावी काय, ह्याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. शेती शिकणें निराळें आणि शेतांत राबणें निराळें. अमेरिकेंत १९०२ सालीं ओहायो राज्यांत खेड्यांतील मुलांचें एक मंडळ निघालें व अशा मंडळांतूनच पुढें 'फोर-एच' ही चळवळ वाढली. मस्तक, हृदय, हात व आरोग्य ह्यांच्या इंग्रजी नांवांचीं हीं चार आद्याक्षरें होत. तेथील मुलें वासरें वाढवितात, पिकें लावितात व त्यांची नोंद ठेवितात. केंटकी राज्याचा कायदा अशा कार्यक्रमास गेलेल्या विद्यार्थ्यास हजरच धरितो. मात्र कार्यक्रम आगाऊ ठरलेला व जबाबदार मार्गदर्शकाच्या देखरेखीखालील असला पाहिजे.

आपल्याकडेही हा विचार नवा नाहीं. १९३७ सालीं वर्ध्याच्या परिषदेंत महात्मा गांधींनीं उद्योगाच्या द्वारें शिक्षण देण्याची योजना मांडिली. त्या पद्धतींत शेती हाही एक उद्योग होता. शेत हाच वर्ग ठरल्यावर रजेचा प्रश्नच उरत नाहीं! २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेंही सहावी ते आठवीच्या काळांत दहा दिवस दप्तराविना, माळी, सुतार इत्यादिकांपाशीं शिकण्यास सांगितलें आहे. अकोल्याचें कृषि विद्यापीठ १९६९ सालीं स्थापन झालें, त्यास डॉ. पंजाबराव देशमुखांचें नांव आहे. तेथील पिकें पाहण्यास शिक्षकांसह गेलेला मुलगा आमच्या मतें गैरहजर नव्हे.

वेचणीस नेलेल्या मुलाची गोष्ट मात्र वेगळी. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायदा १४ वर्षांखालील मुलांस घरच्या शेतांत मदत करूं देतो, ती केवळ शाळा सुटल्यावर अथवा सुटींत. पुढें दहावीच्या परीक्षेस शेंकडा ७५ हजेरी लागते. बोंडें एकदम फुटत नाहींत. म्हणून वेचणी कित्येक आठवडे चालते, आणि आज एक दिवस, उद्यां दोन, असें करतां करतां महिना जातो. गणिताचा एक पाठ बुडाला कीं पुढचा कळत नाहीं. मग शाळाच नकोशी होते. वेचणी हें बायकांचें काम समजतात, म्हणून ह्यांत मुलींची पाळी आधीं येते.

पालकहो, मजूर मिळत नाहींत आणि भावाचा भरंवसा नाहीं, हें आम्ही जाणतों. तरीही आमची विनंती अशी कीं, मुलास कृषिविषयक कार्यक्रमास पाठविणें असेल तर आगाऊ कळवावें. तेथें शिकविणारा कोण हें पाहावें. मुलानें पाहिलेलें वहींत टिपावें आणि बुडालेला अभ्यास आठवड्याचे आंत भरून काढावा. इतकें पाळणाऱ्यास शाळेनें आनंदानें हजेरी द्यावी. वेचणीसाठीं मात्र रविवार आहे, सुटी आहे. शाळेचा दिवस मुलाचा मुलासच राहूं द्यावा.