शिकाऊ परवाना आणि पुढचा ब्रेक
गिअरची मोटारसायकल अठरा पूर्ण झाल्यावरच. शिकाऊ परवाना ६ महिने चालतो. पक्क्या परवान्याची चाचणी ३० दिवसांनंतर देता येते. तोवर पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा. मागे मित्र नको. बसलाच तर शिकवणारा, तोही परवानाधारक. आरटीओत पाय न टेकता इंग्रजी आठचा आकडा काढला, की शिक्षण संपलं असं अनेकांना वाटतं. खरी गोची ब्रेकची. पुढचा दाबला की गाडी उलटते, ही घरोघरची भीती. पण ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवण्याचं मोठं काम तोच करतो. तो दाब वाढवत लावावा, मागचा सोबतीला. वाळूत, वळणावर किंवा पहिल्या पावसाच्या तेलकट डांबरावर झटका नको. आणि हेल्मेटवर आयएसआय खूण असली, तरी पट्टा लावायचाच असतो!