जाहिरातीआधी की जाहिरातीनंतर?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस हातात येऊ लागले. पहिल्या दिवशी डोक्याला खाज, दुसऱ्या दिवशी केस राठ, तिसऱ्या दिवशी टक्कल. बायका, पोरं, म्हातारी माणसं, कोणी सुटलं नाही. पाहता पाहता शेगाव आणि नांदुरा तालुक्यांतल्या अठरा गावांतून पावणेतीनशेच्या वर रुग्ण नोंदले गेले. खारपाणपट्ट्यातलं पाणी तपासलं, त्यात नायट्रेट जास्त निघालं. बुरशीचा संशय आला, शाम्पूचाही आला. पण जन्मात शाम्पू न लावलेली माणसंही त्यात होती. आयसीएमआरचं पथक येऊन गेलं. पुढे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी स्वस्त धान्य दुकानातून मिळालेल्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. स्थानिक गव्हाच्या मानाने त्यात सेलेनियम सुमारे ६०० पट आहे, असं त्यांनी सांगितलं.

जाहिरातींच्या आढाव्याची सुरुवात मी केसांपासून करतो आहे, कारण जाहिरात सगळ्यात जास्त कोणाला लागू पडते ते त्या गावांकडे पाहून मला नीट कळलं. ज्याला अजून कोणी कारण सांगितलेलं नाही, त्याला ती लागू पडते. तीन दिवसांत टक्कल पडलेल्या पोरीच्या बापासमोर त्या आठवड्यात कोणी तेलाची बाटली धरली असती, तर त्याने किंमत विचारली नसती. लग्नाला आलेल्या पोरापोरींच्या सोयरिकी अडल्याच्या बातम्या तेव्हा रोज येत होत्या. अशा माणसाच्या आणि बाटलीच्या मध्ये कायदा कुठे उभा असतो? बाटली विकली जाण्याआधी, की नंतर? या लेखात मला एवढंच तपासायचं आहे.

घरची गोष्ट सांगतो. माझ्या वडिलांचे गुडघे धरले होते. दुपारी टीव्हीवर अर्धा-अर्धा तास चालणारी एक तेलाची जाहिरात ते पाहायचे. पांढरा कोट घातलेला माणूस, काठी फेकून चालू लागलेली म्हातारी, खाली फोन नंबर. त्यांनी मला न सांगता मागवलं. मग दुसरा डबा, मग तिसरा. सहा महिन्यांनी खामगावच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा दुखणं बरंच पुढे गेलेलं होतं. बाबा एवढंच म्हणाले, "पैशाचं काही नाही गा, पण सहा महिने वाया गेले ना." जाहिरातींच्या कायद्यांवरचे निकाल मी पुढे जेवढे वाचले, त्यांपैकी प्रत्येकाला मी बाबांच्या या वाक्याशी लावून पाहिलं.

संधिवाताच्या हमखास इलाजाची जाहिरात करायला या देशात १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. 'औषधे आणि जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम' हे त्या कायद्याचं नाव. त्याच्या अनुसूचीत ५४ दुखणी आहेत. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, पक्षाघात, क्षय, लठ्ठपणा, कोड, नपुंसकता, उंची वाढवणं. ही यादी हातात घेऊन खामगावहून चिखलीपर्यंत एसटीने जावं आणि रस्त्याकडेच्या भिंती वाचाव्यात. यादीतली निम्मी दुखणी तरी चुन्यावर रंगवलेली सापडतील. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पुन्हा केल्यास वर्षभर. २०२० मध्ये केंद्राने सुधारणेचा मसुदा काढला. त्यात दुखणी ७८, गोरेपणाचा दावाही धरलेला, दंड १० लाखांपासून ५० लाखांपर्यंत. तो मसुदा कायदा झाला नाही.

टक्कल मात्र त्या ५४ मध्ये नाही. ते सापडतं औषध नियमांच्या 'जे' या अनुसूचीत. तिथे टक्कल आणि नवे केस उगवणं या दोन्हींचा उल्लेख आहे, आणि ही दुखणी बरी करण्याचा दावा औषधाने करू नये असा नियम आहे. पण तेच तेल औषध म्हणून न विकता सौंदर्यप्रसाधन म्हणून विकलं, की रस्ता बदलतो. दावा तोच, डोकं तेच, परवाना वेगळा.

१९५४ चा कायदा आला तेव्हा औषध कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. हमदर्द दवाखान्याच्या त्या खटल्याचा निकाल डिसेंबर १९५९ मध्ये लागला. बंदी असलेल्या औषधाची जाहिरात हे भाषणस्वातंत्र्य नव्हे, असं न्यायालयाने सांगितलं. त्याच वेळी सरकारला यादीत हवं ते दुखणं घालू देणारा शब्दप्रयोग आणि जप्तीचं कलम मात्र रद्द केलं. जप्तीचं कलम १९६३ मध्ये नव्याने लिहावं लागलं. हमदर्दचा धडा मला अजूनही लागू वाटतो. जाहिरात रोखायची तर अधिकार कोणाचा आणि किती, हे आधी नेमकं लिहिलेलं असावं लागतं. नुसत्या चांगल्या हेतूने लिहिलेला नियम न्यायालयात टिकत नाही.

महाराष्ट्राने या वाटेवर एक पाऊल पुढे टाकलं, आणि त्याची किंमत एका माणसाने जिवाने मोजली. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला आणि तो कायदा त्यानंतर आला. त्या कायद्याचा जाहिरातींशी संबंध लागला जानेवारी २०२१ मध्ये. टीव्हीवर देवांच्या नावाने यंत्रं, कवचं, लॉकेटं विकली जात होती. घरात ठेवा, कर्ज फिटेल, आजार जाईल. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अशा विक्रीला आणि जाहिरातीला या कायद्याखाली बेकायदा ठरवलं, आणि ती दाखवणाऱ्या वाहिन्यांनाही जबाबदार धरलं. श्रद्धेच्या विरोधात तो निकाल नव्हता. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला पायी जाणारा माणूस कोणाकडून काही विकत घेत नसतो. देवाच्या नावावर हमी देऊन पैसे घेणं हा वेगळा धंदा आहे, आणि न्यायालयाने तो वेगळाच काढून दाखवला.

आपल्या जिल्ह्यात औषधापेक्षा मोठी जाहिरात बियाण्याची असते. मे महिना लागला की कपाशी आणि सोयाबीनच्या फलकांनी गावं भरतात. कृषी केंद्रासमोर बॅनर, चौकात ऑटोवर भोंगा, झाडावर हाताएवढी बोंडं. बीटी कपाशीला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली, आणि तेव्हापासून पुढची काही वर्षं विदर्भातली प्रत्येक भिंत तिच्याबद्दल काहीतरी सांगत होती. ऑगस्ट २०११ मध्ये एका मोठ्या इंग्रजी दैनिकात यवतमाळ जिल्ह्यातल्या दोन गावांच्या भरभराटीचं पान छापून आलं. ते त्याच दैनिकाच्या २००८ मधल्या बातमीचं पुनर्मुद्रण होतं. फक्त या वेळी ती जाहिरात होती. पी. साईनाथ यांनी २०१२ मध्ये हे उघड केलं. त्याच सुमारास महिको-मोन्सँटो बायोटेकची आणखी एक जाहिरात फिरत होती, की बोलगार्ड या बीटी कपाशीने कापूस शेतकऱ्यांचं उत्पन्न ३१,५०० कोटी रुपयांहून जास्त वाढवलं. जाहिरात मानक परिषदेकडे म्हणजे ॲस्कीकडे तक्रार गेली आणि दावा सिद्ध होत नाही म्हणून ती मान्य झाली. कंपनीने जाहिरात बदलली.

मग काय झालं? काही नाही. ॲस्की ही १९८५ मध्ये जाहिरात धंद्यानेच स्थापन केलेली, मुंबईत मुख्यालय असलेली संस्था. तिच्याजवळ दंड नाही, कैद नाही. केबल टीव्हीच्या नियमांत तिची संहिता बंधनकारक केलेली आहे, हे तिचं खरं बळ. पण भिंतीवर, बॅनरवर, भोंग्यावर तिचं चालत नाही. आणि बियाणं जूनमध्ये पेरलं जातं. निकाल लागेपर्यंत बोंडं फुटलेली असतात किंवा बोंडअळीने खाल्लेली असतात. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भात कपाशीचं जे केलं, ते कोणत्याही पिशवीवर लिहिलेलं नव्हतं. १९६६ चा बियाणे कायदा पिशवीवरचं लेबल पाहतो, उगवणीची टक्केवारी पाहतो. बॅनरवर काय लिहिलं आहे याची विचारपूस त्या कायद्यात नाही. शेतकऱ्याला खरीप वर्षातून एकदाच मिळतो. माझ्या मते बियाण्याच्या जाहिरातीला वेगळा आणि कडक नियम नसणं ही आपल्या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत मोठी फट आहे.

शिकवणी वर्गांबद्दल थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्यांच्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. निवड झाल्यानंतर विद्यार्थ्याची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचा फोटो छापता येत नाही, आणि त्याने कोणता कोर्स, किती दिवस केला हेही सांगावं लागतं. बसस्थानकासमोरच्या फ्लेक्सवरचे चेहरे पाहून मुलाचं नाव घालणाऱ्या पालकाने ही दोन वाक्यं पाठ ठेवावीत.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, कारण तो थेट आपल्या जिल्ह्याशी येऊन टेकतो.

डिसेंबर २०१८ मध्ये औषध नियमांत १७० क्रमांकाचा नियम घातला गेला. आयुर्वेदिक, सिद्ध, युनानी औषधाची जाहिरात करायची तर आधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची मंजुरी घ्यायची. म्हणजे कायदा प्रथमच बाटलीच्या आधी उभा राहिला. कंपन्या न्यायालयांत गेल्या. मे २०२३ मध्ये तांत्रिक सल्लागार मंडळाने नियम काढण्याची शिफारस केली, आणि २९ ऑगस्ट २०२३ ला आयुष मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहिलं, की या नियमाखाली कारवाई करू नका. याच काळात पतंजलीच्या जाहिरातींवरून इंडियन मेडिकल असोसिएशनची याचिका सर्वोच्च न्यायालयात चालू होती. एप्रिल २०२४ मध्ये उत्तराखंडने पतंजलीच्या १४ उत्पादनांचे परवाने निलंबित केले. वर्तमानपत्रांत माफी छापून आली तेव्हा न्यायालयाने विचारलं, माफीचा आकार जाहिरातींएवढाच आहे का? तो प्रश्न मला फार आवडला. भिंतभर खोटं आणि बोटभर माफी हा आपल्याकडचा जुना व्यवहार आहे.

१ जुलै २०२४ ला आयुष मंत्रालयाने १७० नंबरचा नियम काढून टाकणारी अधिसूचना काढली. २७ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. ११ ऑगस्ट २०२५ ला न्यायालयाने ते प्रकरणच बंद केलं आणि स्थगितीही गेली. आज आयुष औषधाच्या जाहिरातीला आधी मंजुरी लागत नाही. या खात्याचे केंद्रीय राज्यमंत्री, स्वतंत्र प्रभाराचे, जून २०२४ पासून प्रतापराव जाधव आहेत. आपल्या बुलढाण्याचे, २००९ पासून सलग चार वेळा निवडून गेलेले खासदार. आरोग्य खात्याचंही राज्यमंत्रिपद त्यांच्याकडे आहे.

सरकारची बाजूही मांडायला हवी. उच्च न्यायालयांतले वाद होते, सल्लागार मंडळाची शिफारस होती, १९५४ चा कायदा जागेवर आहेच. शिवाय ३० मे २०२५ ला जाधवांनी 'आयुष सुरक्षा' पोर्टल सुरू केलं. फसव्या जाहिरातीची तक्रार तिथे कोणालाही करता येते. त्याच्या दोन महिने आधी, २६ मार्चला, सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना तक्रारींची यंत्रणा उभारायला आणि १९५४ च्या कायद्याखालचे अधिकारी नेमायला सांगितलं. ही कामं चांगली आहेत. पण ती सगळी जाहिरातीनंतरची आहेत. तक्रार करायला आधी फसावं लागतं. बाबांचे सहा महिने कोणतंही पोर्टल परत देऊ शकत नाही.

मंजुरीच्या विरोधात एक खरा आक्षेप आहे, आणि तो माझ्यासारख्या लिहिणाऱ्यांकडूनच येतो. मे २०२४ मध्ये न्यायालयाने प्रत्येक जाहिरातीसोबत जाहिरातदाराचं स्वयंघोषणापत्र सक्तीचं केलं, तेव्हा तालुक्याची छोटी दैनिकं, साप्ताहिकं हवालदिल झाली. दुकानाच्या उद्घाटनाची चार ओळींची जाहिरात आणि हृदयविकाराच्या काढ्याची जाहिरात एकाच चाळणीतून काढणं चूक होतं. जुलैमध्ये ती सक्ती अन्न आणि आरोग्य क्षेत्रापुरती आणली गेली, तेच योग्य होतं. हा दिवाळी अंकही जाहिरातींवरच उभा आहे, हे मी विसरलेलो नाही. म्हणून मागणी नेमकीच करतो. जिथे शरीर आणि पेरणी आहे, तिथे जाहिरातीआधी मंजुरी हवी. बाकी ठिकाणी नंतरची तपासणी पुरे. प्रतापराव, ज्या अठरा गावांत माणसं महिनोन्‌महिने कारणाची वाट पाहत होती, ती तुमच्या जिल्ह्यातली आहेत. हमदर्दच्या निकालाच्या कसोटीला टिकेल अशा भाषेत तो नियम पुन्हा लिहून आणा.

तोवर जे हातात आहे ते वाचकाने वापरावं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय प्राधिकरणाला फसव्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार दिला आहे. जाहिरातीत चेहरा देणाऱ्या नटावरही वर्षभराची बंदी येऊ शकते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. आणि फारशा कोणाला ठाऊक नसलेली तरतूद कलम १६ आणि १७ मध्ये आहे: दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार लेखी स्वरूपात थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे देता येते, आणि ते चौकशी करून अहवाल पाठवू शकतात. भिंतीचा, पत्रकाचा, पिशवीचा फोटो काढा, तारीख आणि गाव लिहा, अर्ज बुलढाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात द्या आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.