वेगाचा रकाना आणि फेऱ्यांचा रकाना

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता एकमेकांना छेदतात. वरून उड्डाणपूल गेला तरी खालची कोंडी काही सुटलेली नाही, आणि त्या कोंडीत कोऱ्या करकरीत गाड्या लादलेले ट्रेलर ताटकळताना दिसतात. शहरातच सातपूरला महिंद्राचा कारखाना आहे. पुणे रस्त्याने गेले की चाकण लागते, आणि आग्रा रस्त्याने मालेगाव, धुळे, सेंधवा मागे टाकत चारशेच्या आसपास किलोमीटर गेले की पिथमपूर. तिथे 'नॅट्रॅक्स'च्या ट्रॅकवर गाड्या अक्षरशः पिदडल्या जातात. हे पिदडणे एरवी कुणाच्या लक्षात येत नाही. मोटार शर्यतींच्या वरच्या थरात मात्र त्याचा सोहळा होतो. फॉर्म्युला वनची हंगामपूर्व चाचणी फेब्रुवारीच्या सुमारास असते. विजेवरच्या फॉर्म्युला ईची, म्हणजे ज्यात महिंद्राचा संघ पहिल्या हंगामापासून आहे तिची, गेली काही वर्षे नेमकी दिवाळीच्या आगेमागे. रोज संध्याकाळी एक तक्ता प्रसिद्ध होतो. त्यात प्रत्येक चालकाची सर्वांत जलद फेरी असते आणि शेजारी, बहुतेक वेळा बारीक टायपात, त्याने किती फेऱ्या मारल्या तो आकडा. बातमी पहिल्या रकान्याची होते. माझे म्हणणे असे की खरी बातमी दुसऱ्या रकान्यात असते.

वेगाच्या रकान्यावर विश्वास का ठेवू नये, याचा हिशेब सोपा आहे. फॉर्म्युला वनच्या गाडीत दहा किलो इंधन जास्त असले की फेरीमागे साधारण ०.३ सेकंद जातात. २०२५ पर्यंतच्या नियमांत शर्यतीला ११० किलोपर्यंत इंधन भरता येई. म्हणजे एका संघाने टाकी भरून गाडी सोडली आणि दुसऱ्याने तळाशी दोन-चार लिटर ठेवून, तर केवळ त्यापायी तीन सेकंदांचा फरक पडू शकतो. अलीकडच्या हंगामांत पहिल्या आणि शेवटच्या संघात एवढा फरक अनेकदा नसतोही. त्यात मऊ टायर की टणक, बहारीनची रणरणती दुपार की गारवा पडल्यावरची वेळ, इंजिन पूर्ण ताकदीने चालवले की आवरून, यांतले काहीच तक्त्यात लिहिलेले नसते. कुणी प्रायोजकांना दाखवायला हलकी गाडी पळवतो, कुणी प्रतिस्पर्ध्यांपासून लपवायला जड. २०१९ मध्ये बार्सिलोनाच्या चाचणीअखेर फेरारीचा सेबास्टियन फेटेल पहिला होता आणि मर्सिडीजचा लुईस हॅमिल्टन त्याच्या अवघ्या ०.००३ सेकंद मागे. यंदा फेरारी, असा निष्कर्ष सर्वत्र निघाला. मेलबर्नला पहिली शर्यत झाली तेव्हा मर्सिडीजचे दोघे पहिले-दुसरे आले, फेरारीचे चौथे-पाचवे, आणि पुढे हंगामातल्या पहिल्या आठच्या आठ शर्यती मर्सिडीजने जिंकल्या.

आता फेऱ्यांचा रकाना. २०१४ मध्ये जुन्या इंजिनांच्या जागी नवी हायब्रिड यंत्रणा आली आणि जानेवारीअखेर स्पेनमधल्या हेरेथला पहिली चाचणी झाली. चार दिवसांत मर्सिडीजने ३०९ फेऱ्या मारल्या. आधीची चार वर्षे ओळीने जगज्जेता ठरलेल्या, रेनोचे इंजिन वापरणाऱ्या रेड बुलने २१. वेगाचे सगळे तर्कवितर्क बाजूला ठेवून कुणी फक्त हे दोन आकडे फळ्यावर लिहिले असते, तरी त्या वर्षीच्या १९ पैकी १६ शर्यती मर्सिडीजने जिंकल्या याचे त्याला नवल वाटले नसते. पुढच्याच वर्षी मॅक्लारेन-होंडा ही जुनी, वलयांकित जोडी परत आली. तिच्याकडे फर्नांडो अलोन्सो आणि जेन्सन बटन असे दोन माजी जगज्जेते होते, आणि हेरेथच्या चार दिवसांत जमल्या फक्त ७९ फेऱ्या. वर्षअखेर संघ दहांत नववा आला.

आपल्याकडच्या वाचकाला याहून जवळची उदाहरणे हिस्पानिया या स्पॅनिश संघात सापडतात. २०१० मध्ये बहारीनला करुण चंधोक त्यांची गाडी पहिल्यांदा चालवायला बसला तो थेट पात्रता फेरीत. त्याआधी ती गाडी त्याच्या हाताखाली एक फेरीही धावली नव्हती. शर्यतीत तो दुसऱ्याच फेरीत बाहेर पडला. २०११ मध्ये नारायण कार्तिकेयन त्याच संघात होता. चाचण्यांत संघाने जुनीच गाडी पळवली, नवी आणायची वेळ आली तेव्हा तिचे डॅम्पर कस्टममध्ये अडकले, आणि नवी गाडी ट्रॅकवर उतरली ती मेलबर्नच्या शर्यतीच्या आठवड्यातच. सर्वांत जलद वेळेच्या १०७ टक्क्यांच्या आत येणाऱ्यालाच शर्यतीत प्रवेश, असा नियम होता. हिस्पानियाचे दोन्ही चालक त्याबाहेर राहिले. २०१२ मध्येही अधिकृत चाचणीत नवी गाडी धावली नाही आणि मेलबर्नला तोच निकाल लागला. आपल्या वर्तमानपत्रांनी तेव्हा कार्तिकेयनच्या वेगाची चिकित्सा केली. चिकित्सा कस्टमच्या पावतीची करायला हवी होती.

यावर जाणकार लगेच २००९ चे ब्रॉन काढतील. होंडाने २००८ च्या डिसेंबरात अंग काढून घेतले, रॉस ब्रॉनने संघ वाचवला, आणि ९ मार्चला बार्सिलोनात उतरलेली ती पांढरी गाडी इतकी जलद निघाली की ती नियमापेक्षा हलकी असेल, प्रायोजक गाठण्याची ही धडपड असेल, अशी कुजबुज झाली. पुढे बटनने पहिल्या सातपैकी सहा शर्यती जिंकल्या आणि दोन्ही अजिंक्यपदे ब्रॉनकडे गेली. इथे वेगाचा रकाना खरा ठरला, फेऱ्या तर इतरांपेक्षा कितीतरी कमी होत्या. आक्षेप रास्त आहे. पण ती गाडी उतरल्या दिवसापासून कुरकुर न करता पळत राहिली आणि तिचा वेग दिवसामागून दिवस तसाच राहिला. एकटी जलद फेरी काही सिद्ध करत नाही. टिकलेला वेग करतो, आणि टिकला की नाही हे कळायला फेऱ्याच लागतात. दुसरा आक्षेप रेड बुलचा. हेरेथला २१ फेऱ्या मारणारा हाच संघ २०१४ मध्ये तीन शर्यती जिंकून दुसरा आला. म्हणजे फेऱ्यांचा रकाना सगळा निकाल आधी सांगत नाही, हे मान्य. हेरेथला खोट मुख्यतः इंजिनात होती, बाकी गाडी उत्तम होती, आणि फेऱ्याच न झाल्याने ती उत्तम आहे हे कुणाला दिसले नाही. अपुऱ्या चाचणीत दोष लपतात तसे गुणही झाकले जातात.

तिसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे: आता सिम्युलेटर आहेत, विंड टनेल आहेत, संगणकावर हवेचा प्रवाह काढता येतो, मग प्रत्यक्ष ट्रॅकवर टायर झिजवायचे कशाला? याचे उत्तर २०२२ च्या फेब्रुवारीत बार्सिलोनाने दिले. त्या वर्षी गाडीच्या तळाखालच्या हवेने गाडी जमिनीकडे खेचणारी रचना परत आली होती. सरळ पट्ट्यावर वेग वाढताच गाड्या घोडदौड केल्यासारख्या वरखाली उसळू लागल्या. तळ जमिनीच्या फार जवळ आला की प्रवाह कोंडतो, ओढ सुटते, गाडी वर येते, प्रवाह पुन्हा जुळतो, पुन्हा ओढली जाते. एकेका संघात शेकडो अभियंते असूनही बहुतेकांना याची गंभीर चाहूल लागली नव्हती, आणि त्याचे कारण नियमातच होते. विंड टनेलमध्ये गाडीचा फार तर ६० टक्के आकाराचा नमुना आणि सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटरचाच वारा चालतो. उसळी त्यापुढच्या वेगांत येत होती. सलग आठ वर्षे संघांचे अजिंक्यपद जिंकलेल्या मर्सिडीजला त्या संबंध हंगामात एकच शर्यत जिंकता आली. सिम्युलेटर त्याला शिकवलेलेच दाखवतो. न शिकवलेली गोष्ट रस्त्यावरच भेटते.

मग चाचण्या कमी का केल्या? पैशासाठी, आणि तो युक्तिवाद पोकळ नव्हता. एकेकाळी फेरारीकडे फियोरानो आणि मुजेल्लो असे स्वतःच्या मालकीचे दोन ट्रॅक होते, चाचणीसाठी वेगळे चालक आणि वेगळी माणसे होती, आणि वर्षभर गाड्या पळत. ज्याच्या खिशात पैसा त्याच्या वहीत फेऱ्या, असा मामला होता. २००९ पासून हंगाम सुरू झाल्यावरच्या चाचण्यांवर बंदी आली. तिचा पहिला ठळक बळी ठरला तो मात्र फेरारीचाच चाचणीचालक. फिलिपे मासा जखमी झाल्यावर त्याच्या जागी बसलेल्या लुका बादोएरने वर्षानुवर्षे फेरारीच्या गाड्या पळवल्या होत्या, पण बंदीमुळे त्या वर्षीच्या गाडीचा सरावच त्याला नव्हता. व्हॅलेन्सिया आणि स्पा, दोन्ही ठिकाणी तो पात्रता फेरीत शेवटचा आला. त्याच स्पाला विजय मल्ल्यांच्या फोर्स इंडियाकडून जियानकार्लो फिझिकेला दुसरा आला आणि फेरारीने बादोएरच्या जागी त्याला उचलले. मला जुनी व्यवस्था परत यावी असे वाटत नाही. पण २०२३ पासून सलग तीन हंगाम सगळ्या संघांना मिळून तीनच दिवस आणि संघामागे एकच गाडी, म्हणजे चालकाच्या वाट्याला दीड दिवस, हे रेशनिंग ज्यांच्याकडे उत्तम सिम्युलेटर होते त्यांच्याच पथ्यावर पडले. पैसा ट्रॅकवरून उठला आणि बंद खोलीत जाऊन बसला.

आता महिंद्रा. फॉर्म्युला ई २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हापासून हा एकमेव भारतीय संघ तिच्यात आहे. पहिल्या हंगामात चंधोक आणि ब्रूनो सेना त्याचे चालक होते, आणि २०१७ मध्ये बर्लिनला फेलिक्स रोझेनक्विस्टने संघाला पहिला विजय मिळवून दिला. संघाचे घर इंग्लंडमधल्या बॅनबरीत आहे. २०२३ च्या हंगामासाठी तिसऱ्या पिढीची गाडी आली: ३५० किलोवॅट ताकद, पुढच्या आसालाही ऊर्जा परत मिळवणारी मोटर, आणि मागच्या चाकांना नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेकच नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये व्हॅलेन्सियाच्या रिकार्दो तोर्मो सर्किटवर चाचणी झाली. १४ जानेवारीला मेक्सिको सिटीच्या पहिल्याच शर्यतीत महिंद्राच्या लुकास दी ग्रासीने पोल पोझिशन घेतली आणि तो तिसरा आला. ११ फेब्रुवारीला हैदराबादला घरच्या प्रेक्षकांसमोर शर्यत झाली. आणि २५ फेब्रुवारीला केपटाउनला महिंद्राने पात्रता फेरीआधी आपल्या दोन्ही गाड्या मागे घेतल्या, कारण मागच्या सस्पेंशनच्या सुरक्षिततेची खात्री राहिली नव्हती. महिंद्राचीच यंत्रणा वापरणाऱ्या आब्ट संघाच्या दोन गाड्याही त्याच कारणाने बसून राहिल्या. एका दोषापायी चार गाड्या.

माझ्या म्हणण्याची सर्वांत अवघड परीक्षा इथे आहे. व्हॅलेन्सियाला फेऱ्या झाल्या होत्या, तरी दोष सापडला नाही. तेव्हा फेऱ्यांचा रकानाही फसवाच म्हणायचा का? मला वाटते, तो अपुरा म्हणावा. व्हॅलेन्सिया हा शर्यतीसाठीच बांधलेला कायमचा, सपाट ट्रॅक. फॉर्म्युला ई बहुतांशी शहरातल्या रस्त्यांवर चालते: कुठे चेंबरची झाकणे, कुठे डांबराचे जोड, कुठे रस्त्याचा उतार, आणि केपटाउनचा समुद्रकाठचा रस्ता तर त्यातही वेगवान. तेव्हा किती फेऱ्या, याच्या जोडीला कुठल्या रस्त्यावर, हेही विचारावे लागते. फॉर्म्युला ईची चाचणी तशीही नशिबाच्या फेऱ्यात सापडलेली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हॅलेन्सियाला पहिल्याच दिवशी बॅटरीला आग लागली आणि वेळापत्रक विस्कटले. २०२४ मध्ये त्या भागात महापूर आला आणि चाचणी माद्रिदजवळच्या हारामाला हलवावी लागली. आणि गाडी मागे घेण्याच्या निर्णयाबद्दल महिंद्राची टिंगल झाली, ती मला अन्यायाची वाटते. चाचणीत न सापडलेला दोष सरावात सापडला आणि पात्रता फेरीआधी गाडी थांबली.

वेगाच्या आणि फेऱ्यांच्या रकान्यांतला फरक पिथमपूरलाही दोन टोकांना दिसतो. नॅट्रॅक्सच्या ११.३ किलोमीटर लांबीच्या हाय-स्पीड ट्रॅकचे उद्घाटन २९ जून २०२१ रोजी तेव्हाचे अवजड उद्योगमंत्री प्रकाश जावडेकर यांनी केले. महिंद्राच्याच मालकीच्या पिनिनफारिनाची बातिस्ता ही विजेवरची गाडी २०२२ मध्ये तिथे ताशी ३५८ किलोमीटरने धावली, त्याची बातमी सगळीकडे झाली. त्याच ट्रॅकवर साध्या गाड्या तासन्‌तास एकाच वेगाने गोल फिरवल्या जातात, बेअरिंग, टायर, तेलाचे तापमान पाहण्यासाठी. त्याची बातमी होत नाही. दुसऱ्या टोकाला २००७ पासून तिथे होत आलेली बाहा स्पर्धा. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांची पोरे स्वतः वेल्डिंग केलेल्या एकआसनी गाड्या टेम्पोत घालून आग्रा रस्त्याने जातात. आधी ब्रेकची तपासणी: चारही चाके एकदम जाम झाली पाहिजेत, एक जरी फिरत राहिले तरी परत जा. मग शेवटी चार तासांची सहनशक्तीची शर्यत, आणि तिथे खड्ड्याखड्ड्यांत एकेक गाडी सुटी होत जाते, कुणाचा सस्पेंशनचा आर्म तुटतो, कुणाची चेन. परीक्षा आणि सबमिशनच्या गर्दीत गाडी आदल्या आठवड्यात पुरी झाली असेल तर ती कुठे तुटेल हे तिथेच कळते.

२०२६ साठी फॉर्म्युला वनने इंजिन आणि गाडी दोन्हींचे नियम एकदम बदलले. तेव्हा तीन दिवस पुरायचे नाहीत हे नियम करणाऱ्यांनीच मान्य केले आणि एकाऐवजी तीन चाचण्या नेमल्या: जानेवारीअखेर बार्सिलोनात एक आणि फेब्रुवारीत बहारीनला दोन. यातली बार्सिलोनाची बंद दाराआड, प्रेक्षक आणि पत्रकार दोघांनाही मज्जाव करून. वेग लपवायला दार लावावे लागत नाही, तो इंधनाच्या टाकीतही लपतो. बंद पडलेली गाडी मात्र ट्रकवरून ओढून आणावी लागते, आणि २०१४ च्या हेरेथची तसली दृश्ये संघ अजून विसरलेले नाहीत.