नव्याने बांधलेले इंजिन आणि एक मेलेला सिलिंडर

मोटार गॅरेजच्या धंद्यात आपले कितीतरी बांधव पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कोणी मिस्त्रीकाम करतो, कोणी लेथवर बसतो, कोणी सुट्या भागांचे दुकान चालवितो. या तिघांत हमखास भांडण लावणारा एक बिघाड आहे. इंजिन पूर्ण बांधून दिले, नवे पिस्टन आणि नव्या रिंगा टाकल्या, वाल्व घासून बसविले, गिऱ्हाइकाने पैसे चुकते केले. आणि पंधरा-वीस दिवसांत गाडी पुन्हा दारात उभी राहते. तक्रार एकच, ‘मिसिंग मारते, चढ चढत नाही.’ प्लग बदलला, वायर बदलली, तरी फरक नाही. गेज लावून पाहिले तर एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेलेले. मिस्त्री म्हणतो बोअर बिघडविला, लेथवाला म्हणतो रिंगा चुकीच्या बसविल्या, दुकानदार म्हणतो माझा माल अस्सल होता. गिऱ्हाईक मात्र तिघांनाही खोटे समजते.

आमच्या गॅरेजमध्ये असेच एक प्रकरण घडले. शाळेची मुले ने-आण करणारी, गॅस किट बसविलेली मारुती ओम्नी होती. तिचे ७९६ सी.सी.चे तीन सिलिंडरचे इंजिन मारुती ८०० मध्येही असे. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये आणि ओम्नीचे २०१९ मध्ये बंद झाले, तरी जुन्या गाड्यांची कामे निघतातच. आम्ही रीबोअर करून ०.५० ओव्हरसाइझ पिस्टन टाकले. तीन आठवड्यांनी गाडी परत आली, ती दोनच सिलिंडरवर चालत. ड्रायव्हरचे सारे घर त्या गाडीवर चालते. आमच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो लेथवाल्याविरुद्ध. इंजिन उतरविण्यासाठी पाने काढलेच होते, तोच आमच्या वृद्ध उस्तादांनी हात धरला. “बेटा, आधी मोज, मग खोल. खोललेस की पुरावा गेला.” त्या दिवशी त्यांनी जे क्रमाने करून दाखविले, तेच येथे देत आहोत.

दाब कोठून पळतो?

पिस्टन वर येताना आतील हवा दाबली जाते. तिला पळून जाण्यास तीनच वाटा आहेत. रिंगांच्या बाजूने खाली चेंबरमध्ये, वाल्वच्या सीटवरून बाहेर, किंवा हेड गॅस्केटमधून शेजारच्या सिलिंडरात वा पाण्यात. चौथी शक्यता क्वचित असते. गळती कोठेच नसते, पण पिस्टन पुरता वर येत नाही किंवा हवाच आत कमी येते. टायमिंग बेल्टचा दात चुकला, बॅटरी कमजोर असली किंवा नव्या रिंगा अजून बसल्या नसल्या, तर सर्वच सिलिंडरांचा दाब कमी दिसतो. एकच सिलिंडर मेला असेल तर दोष त्या एका घरातच शोधावा.

गेजची कसोटी

इंजिन गरम करावे. पेट्रोल व गॅस बंद करावा आणि कॉइलची वायर काढावी, म्हणजे ठिणगी पडणार नाही. सर्व प्लग काढावेत. एकच प्लग काढून मोजणारे कारागीर चुकीचा आकडा घेतात. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा, नाहीतर हवा आत येत नाही. मग गेज घट्ट लावून पाच-सहा फटके सेल्फ मारावा. बहुतेक पेट्रोल इंजिनांत चौरस सेंटीमीटरला १० ते १३ किलो इतका दाब येतो. परंतु आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील फरक महत्त्वाचा. एक किलोपर्यंत फरक चालतो, त्यापुढे शंका घ्यावी.

आमचे आकडे आले १२, ५ आणि १२. काटा कसा चढतो हेही पाहावे. पहिल्या फटक्याला कमी आणि मग हळूहळू चढत गेला तर बहुधा रिंगा. सुरुवातीलाच कमी आणि पुढेही फारसा चढत नसेल तर बहुधा वाल्व. शेजारचे दोन सिलिंडर बरोबरीने खाली असतील तर त्यांच्यामधील गॅस्केट उडाले असण्याचा संभव मोठा.

तेलाची कसोटी

कमी दाबाच्या सिलिंडरात प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल सोडावे आणि पुन्हा मोजावे. तेल रिंगांभोवती पसरून तेथील फट तात्पुरती बुजविते. दाब एकदम वाढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा. वाढला नाही तर वाल्व किंवा गॅस्केटचा. एक धोका ध्यानात ठेवावा. मेलेल्या सिलिंडरात न जळलेले पेट्रोल भिंतीवरचे तेल धुऊन काढते, त्यामुळे चांगल्या रिंगाही वाईट भासतात. म्हणून या एका कसोटीवर निकाल देऊ नये. आमचा काटा ५ वरून कसाबसा साडेपाचवर गेला. लेथवाल्यावरचा आमचा राग येथेच निम्मा उतरला.

टॅपेट

या तपासणीला पैसा लागत नाही, म्हणूनच ती विसरली जाते. दोन नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून दोन्ही वाल्वची फट फिलर गेजने पाहिली. इन्लेट ठीक होता. एक्झॉस्टमध्ये सर्वांत पातळ पातेही शिरेना. फट शून्य, म्हणजे वाल्व पुरता मिटतच नव्हता. सेटिंग करून पुन्हा मोजले तर दाब ७ किलो झाला, पण पुढे सरकेना.

हवेची कसोटी

जुन्या प्लगमधील चिनीमाती काढून त्याच्या कवचाला हवेची नळी पितळी झाळाने जोडली की हत्यार तयार होते. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणावा, गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढावा, आणि टायरच्या कॉम्प्रेसरची हवा थोडी थोडी सोडावी. हवेच्या जोराने क्रँक फिरू शकतो, म्हणून पंखा व बेल्टजवळ हात नेऊ नये. मग कान लावावा. कार्ब्युरेटरमधून फुसफुस आली तर इन्लेट वाल्व. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वाल्व. ऑइल भरण्याच्या तोंडातून जोराने आली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले किंवा शेजारच्या प्लगच्या भोकातून हवा आली तर गॅस्केट. रेडिएटरचे झाकण इंजिन थंड असतानाच काढावे. नव्या रिंगांमधूनही थोडी हवा सुटतेच, म्हणून शेजारच्या चांगल्या सिलिंडराशी ताडून पाहावे.

आमच्या बाबतीत सायलेन्सरमधून स्पष्ट फुत्कार आला. इंजिन उतरविण्याची गरजच राहिली नाही, फक्त हेड काढले. दोन नंबरच्या एक्झॉस्ट वाल्वची कड एका बाजूने जळालेली होती. बोअर मापून पाहिला. लेथवाल्याचे काम चोख होते.

मग वाल्व का जळाला? नव्याने कापलेली सीट सुरुवातीच्या दिवसांत दबते, वाल्व तितका वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होते. गॅसवर चालणाऱ्या गाडीत ही झीज अधिक वेगाने होते. फट संपली की वाल्व सीटला टेकत नाही. वाल्वची उष्णता मुख्यतः सीटमधूनच निघून जाते. टेकणेच बंद झाले तर तो जळणारच. पाचशे किलोमीटरनंतर टॅपेट पाहण्यासाठी गाडी आणा, असे आम्ही तोंडी सांगितले होते. ड्रायव्हर विसरला, आणि आम्हीही विचारले नाही. दोष आमचा होता. नवा वाल्व, सीटची घासणी, नवे गॅस्केट, सारे आम्ही आमच्या खर्चाने केले. हेड बसविण्याआधी वाल्व लावून पोर्टमध्ये रॉकेल भरले आणि ते झिरपत नाही याची खात्री केली.

इतर कारणे

तेलाने दाब वाढला तर रिंग बसविताना मोडली का, दुसरी रिंग उलटी पडली का, एका सिलिंडराला दुसऱ्या मापाचा संच गेला का, हे पाहावे. रिंग बोअरमध्ये ठेवून तिच्या तोंडाची फट मोजावी. ठोकळ हिशेब बोअरच्या दर २५ मि.मी.ला ०.१ मि.मी.चा, ओम्नीच्या ६८.५ मि.मी. बोअरला पाव मिलिमीटरहून किंचित अधिक. अचूक माप कंपनीच्या पुस्तकातूनच घ्यावे. बोअर वर, मध्ये, खाली आणि आडवाउभा मापावा. गॅस्केट उडाले असेल तर हेडचा फेस सरळ आहे का आणि बोल्ट टॉर्क पान्याने क्रमवार आवळले होते का, हे तपासावे. हवा कोठेच सुटत नसेल आणि तरीही दाब कमी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो. पाण्यात बुडालेल्या गाडीत तसे होते. पिस्टन वरच्या टोकाला असता ब्लॉकच्या फेसपासून किती खाली राहतो, हे प्रत्येक सिलिंडरात मापले की ते कळते. कॅमचा उंचवटा किंवा रॉकर झिजला असेल तर वाल्व पुरता उघडत नाही, तोही पाहावा.

लिहून ठेवा

या प्रकरणानंतर आम्ही प्रत्येक बिलावर बोअरचे माप, रिंगची फट, टॅपेटचे सेटिंग आणि गाडी देतानाचे प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन लिहू लागलो. पाचशे किलोमीटरच्या तपासणीची सूचनाही त्यावरच लिहितो आणि त्या सुमारास स्वतः फोन करतो. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरामध्ये आहे. कामाची जबाबदारीही एक प्रकारची उधारीच नव्हे काय? लिहिलेले आकडे मिस्त्री, लेथवाला आणि गिऱ्हाईक या तिघांचीही अब्रू राखतात.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारात धान्याच्या एका ढिगाजवळ थांबले, त्यात हात घातला आणि आतले धान्य ओले निघाले, हा प्रसंग आपणा सर्वांना ठाऊक आहे. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी व्यापाऱ्याला विचारले. बंद इंजिनही अशाच ढिगासारखे आहे. आत काय आहे ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. ते मोजून दाखविणे, आणि चूक आपली निघाली तर ती कबूल करणे, हे कारागिराचे काम आहे. तो ड्रायव्हर आजही आमच्याकडेच येतो, आणि लेथवाल्याला आम्ही आमच्या मनातली गोष्ट सांगून माफी मागितली आहे.